यंत्रें आणि माणसें : बेबी ऑस्टिनचा मागला पाटा

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही दोन महिने इंग्लंडांत आमच्या पुतण्याकडे राहून आलों. निघण्यापूर्वीं आमच्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या मातुश्रींनीं, आमच्यावर एक कामगिरी सोंपविली होती. मेतकूट आणि सांडगी मिरच्यांचे डबे आमच्या पेटींत भरतां भरतां त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा शब्द तो मोडणार नाहीं. चांगली नोकरी सोडून जुन्यापुराण्या गाड्या दुरुस्त करीत बसणार म्हणतो. एवढें शिक्षण काय त्यासाठीं घेतलें? तेवढें त्याला समजावून या." वडील बंधु निवर्तल्यापासून असल्या गोष्टींत आमचें मत विचारण्याची घरांत रीत पडली आहे. तेव्हां "पाहतों" एवढें आश्वासन देऊन आम्ही विमानांत बसलों.

ती कामगिरी आम्हीं कशी पार पाडली, किंवा कशी पार पाडली नाहीं, हें या महिन्याच्या लेखांत सांगावयाचें आहे. परंतु तें सांगण्यासाठीं वाचकांना आमच्याबरोबर एका मोटारगाडीच्या पोटाखालीं शिरावें लागेल. आमच्या वाचकभगिनींनीं या सूचनेनें पान उलटूं नये. ज्यांनीं घरांतील लग्नकार्यानंतर शंभर माणसांचीं भांडीं ज्याचीं त्याला परत केलीं आहेत, त्यांना पुढील मजकुरांतलें मर्म आमच्यापेक्षां लवकर कळेल.

पुतण्या बर्मिंगहॅमच्या दक्षिणेस राहतो. त्याच्या घरापासून थोड्याच अंतरावर लाँगब्रिज हें ठिकाण आहे. तेथें हर्बर्ट ऑस्टिन यांनीं १९०५ सालीं मोटारींचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धानंतर तो इतका डबघाईस आला कीं १९२१ सालीं त्याचा कारभार न्यायालयानें नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हातीं गेला. मोठ्या गाड्यांना गिऱ्हाईक नव्हतें. लहान गाडी काढावी असें ऑस्टिन यांचें मत होतें, परंतु संचालकांना तें पटेना. तेव्हां त्यांनीं कारखान्यांतील स्टॅन्ले एज् नांवाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या आरेखकाला आपल्या राहत्या घरीं नेलें, आणि बिलियर्ड खेळण्याच्या दालनांत बसून दोघांनीं एका चिमुकल्या गाडीचे नकाशे तयार केले. १९२२ सालीं ती गाडी बाहेर पडली. तिचें नांव ऑस्टिन सेव्हन. पुढें १९३९ पर्यंत अशा सुमारें दोन लक्ष नव्वद हजार गाड्या तयार झाल्या, आणि दर गाडीमागें दोन गिनी ऑस्टिन यांना मिळत गेल्या. हिचें इंजिन आरंभीं ६९६ व नंतर ७४७ घन सेंटिमीटरचें, म्हणजे आजच्या कांहीं मोटारसायकलींपेक्षांही लहान होतें. आपल्याकडेही त्या काळीं या गाड्या आल्या आणि "बेबी ऑस्टिन" या लाडक्या नांवानें ओळखल्या गेल्या. आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या आजोबांनीं ती चालविलीही असेल.

परंतु ही संसारी गाडी शर्यतींतही धांवली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाहीं. १९२९ सालीं उत्तर आयर्लंडांतील आर्ड्‌स येथील शर्यतींत या गाड्यांनीं तिसरा व चौथा क्रमांक मिळविला, आणि त्या प्रांतावरून तिच्या शर्यतीच्या नमुन्याला "अल्स्टर" हें नांव पडलें. पुढच्याच वर्षीं ब्रुकलंड्‌स येथें पांचशें मैलांच्या शर्यतींत डेव्हिस व अर्ल ऑफ मार्च या दोघांनीं आळीपाळीनें चालविलेली ऑस्टिन सेव्हन पहिली आली. लहानमोठ्या गाड्यांना त्यांच्या वकुबाप्रमाणें सवलत देऊन ती शर्यत खेळली जाई, हें खरें. तरी एवढीशी गाडी सहा तास ताशीं ८३ मैलांच्या वर सरासरी वेगानें धांवली, ही गोष्ट लहान नव्हे. ब्रुकलंड्‌सचा तो मार्ग १९०७ सालीं बांधलेला, काँक्रीटचा आणि खांचखळग्यांचा होता. त्यावर इंजिनाइतकीच कसोटी लागे ती गाडीच्या पाट्यांची.

ज्यांना अल्स्टर परवडत नसे ते हौशी तरुण एखादी जुनी ऑस्टिन सेव्हन घेत, तिचें वरचें अंग उतरवून हलकें पत्र्याचें अंग चढवीत आणि रविवारीं शर्यतीला नेत. लोटस गाड्यांचे जनक कॉलिन चॅपमन यांची पहिली गाडी १९४८ सालीं अशाच एका जुन्या ऑस्टिनवर उभारलेली होती. न्यूझीलंडांत ब्रूस मॅक्लारेन यांच्या वडिलांनीं सुट्या भागांच्या स्थितींत एक अल्स्टर विकत घेतली. बापलेकांनीं ती जुळविली, आणि १९५२ सालीं पंधरा वर्षांच्या आसपासच्या त्या मुलानें तिच्यांतून आपली पहिली शर्यत केली. पुढें त्याच्या नांवाची मॅक्लारेन ही संस्था जगभर गाजली.

पुतण्याच्या शेडमध्यें आम्हीं पाहिली ती अशीच एक घरीं घडविलेली गाडी. तिचे मालक ऐंशीच्या घरांतील एक निवृत्त शाळामास्तर. त्यांच्या वडिलांनीं ती १९३४ सालीं शर्यतीसाठीं तयार केली होती आणि युद्ध सुरू होईपर्यंत ती पळविली होती. नंतर ती एका कोठारांत पडून राहिली. आतां मास्तरांच्या नातवाला ती पुन्हां शर्यतीवर न्यावयाची होती, आणि मागली बाजू उतरवून नीट करण्याचें काम पुतण्याकडे आलें होतें. स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलें हें त्याचें पहिलेंच काम. तें चांगलें उतरलें तर आणखी दोघेजण त्याला काम देण्यास तयार होते. नोकरीचा राजीनामा लिहून खणांत ठेवलेला होता, हें आम्हांला नंतर कळलें.

प्रथम या गाडीची मागली रचना समजून घेऊं. टांग्याला किंवा व्हिक्टोरियाला दोन कमानी एकमेकींवर पालथ्या ठेवून लंबगोल केलेला असतो, तो आपण पाहिलेला आहे. त्यांतली एकच कमान घेतली म्हणजे मालमोटारीचा पाटा होतो. ती कमानही मधोमध तोडून तिचा अर्धा भाग घेतला, म्हणजे मूळ लंबगोलाचा चतुर्थांश झाला. ऑस्टिन सेव्हनच्या मागल्या बाजूस असे दोन पाव पाटे असतात. गाडीचा सांगाडा, ज्याला कारखान्यांत चासी म्हणतात, तो मागल्या आंसाच्या अलीकडेच संपतो. त्याच्या दोन बाजूंच्या पन्हळींत पाट्यांचीं जाड टोंकें बोल्टांनीं घट्ट आवळलेलीं असतात, आणि मागें निघालेलीं बारीक टोंकें पिनांनीं आंसाला जोडलेलीं असतात. विहिरीच्या कांठावर सूर मारण्याची फळी बसवावी, तसा हा प्रकार. फळी जेथें कांठांतून बाहेर निघते तेथें तिच्यावर सर्वांत अधिक ताण पडतो, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

दोन्ही पाट्यांच्या मधून आंसाच्या पोटापासून एक नळी पुढें जाते आणि सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर गोलकाच्या सांध्यांत टेंकते. चाकें पुढें ढकलतांना किंवा ब्रेक लावतांना आंसाला जो पीळ बसतो तो ही नळी सोसते. शिवाय दोन्ही बाजूंस कात्रीच्या पात्यांसारखे शॉक-ॲब्सॉर्बर असतात. त्यांत तेल नसतें. दोन लोखंडी हातांच्या मध्यें घर्षणाच्या चकत्या दाबून बसविलेल्या असतात, आणि मधला नट जितका आवळावा तितकी गाडी कमी उसळते.

पहिल्या दिवशीं आम्ही मोठ्या उत्साहानें बाह्या सरसावून शेडमध्यें गेलों, तों पुतण्यानें हातांत पान्याऐवजीं फूटपट्टी दिली. "काका, आज कांहींच सोडवायचें नाहीं. आज फक्त मोजायचें आणि लिहायचें." सबंध दिवस आम्हीं तेंच केलें. गाडी सपाट जमिनीवर स्वतःच्या चाकांवर उभी असतांना दोन्ही बाजूंस सांगाडा आंसापासून किती उंच आहे, पुढच्या आंसापासून मागचा आंस डावीकडे किती दूर व उजवीकडे किती दूर, शॉक-ॲब्सॉर्बरांचे हात कोणत्या कोनांत आहेत, नट कोठपर्यंत आवळले आहेत, या सर्वांची टिपणें झालीं. प्रत्येक सांध्याचीं चारी बाजूंनीं छायाचित्रें घेतलीं. मग पत्र्याचे डबे व कापडी पिशव्या मांडून प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. डावीकडचें डावीकडे आणि उजवीकडचें उजवीकडे, वायसर ज्या क्रमानें निघेल त्याच क्रमानें तारेंत ओंवून ठेवावयाचा, असा त्याचा नियम होता. दोन बाजूंचे भाग दिसण्यांत सारखे असले तरी नव्वद वर्षें एका जागीं घांसून ते त्या जागेचे झालेले असतात.

मोजतांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. उजवा पाटा डाव्यापेक्षां एका पानानें जाड होता. आम्हांला वाटलें, कोणा गांवठी कारागिराची ही चूक असावी. पुतण्यालाही क्षणभर तसेंच वाटलें, परंतु त्यानें वहींत "चूक" असें न लिहितां "उजवीकडे एक पान अधिक, कारण विचारणें" असें लिहिलें.

दुसऱ्या दिवशीं पुढच्या चाकांना मागून-पुढून लांकडी पाचरी लावल्या. मागली बाजू जॅकनें उचलली आणि सांगाड्याखालीं दोन मजबूत घोड्या दिल्या. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें म्हणजे जीव टांगणीला लावणें होय, आणि हा अपराध जाणते लोकही करतात. आंसाखालीं वेगळा जॅक होताच, कारण पाट्यांवरचा भार पूर्ण उतरल्याशिवाय पिनांना हात लावावयाचा नसतो. भाराखालीं दबलेला पाटा पिन निघतांच धनुष्यासारखा सुटतो आणि समोर हात आहे कीं कपाळ आहे हें पाहत नाहीं.

चाकें निघालीं. ब्रेकचीं पिंपें काढण्यापूर्वीं पुतण्यानें आम्हांला बाहेर घालविलें आणि स्वतः तोंडावर योग्य गाळणीचा मुखवटा चढविला. जुन्या ब्रेकांच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असतें. तिची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन बसते आणि कित्येक वर्षांनीं प्राणघातक रोग उत्पन्न करते. इंग्लंडांत या पदार्थाच्या वापरावर १९९९ सालीं संपूर्ण बंदी आली, परंतु जुन्या गाडींत तो अजून दबा धरून बसलेला असतो. ती धूळ हवेच्या झोतानें उडवावयाची नाहीं. ओल्या फडक्यानें टिपून तीं फडकीं बंद पिशवींत घालावयाचीं, आणि पिशवी तिच्या ठराविक ठिकाणीं पोंचती करावयाची. शॉक-ॲब्सॉर्बरांतील चकत्यांच्या बाबतींतही त्यानें तीच खबरदारी घेतली.

यानंतर ब्रेकच्या दोऱ्या सुटल्या, शॉक-ॲब्सॉर्बर उतरले, पुढचा दांडा व गोलकाचा सांधा मोकळा झाला. राहिल्या दोन पिना. डावी सहज निघाली. उजवी मात्र गंजून पाट्याशीं एकजीव झाली होती. आमच्या मनांत आलें कीं गॅसची ज्योत लावून तापवावी म्हणजे सुटेल. गांवाकडे मोटार-दुरुस्तीच्या दुकानांत तसें करतांना आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. पुतण्या म्हणाला, "पिन सुटेल काका, पण पाटा मरेल." पाट्याचें पोलाद लाल करून तेलांत विझवितात आणि मग बेताच्या आंचेवर पुन्हां तापवितात. त्यामुळें त्याला लवचीकपणाचें पाणी चढतें. ज्योत लागली कीं तें पाणी उतरतें, आणि वरून पाटा होता तसाच दिसतो. म्हणून त्यानें पिनेला गंज सोडविणारें पातळ तेल पाजलें आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेंच केलें. चौथ्या दिवशीं पिनेच्या आट्यांवर नट उलट चढवून, म्हणजे आटे चेंगरूं नयेत अशी व्यवस्था करून, पितळेच्या ठोकणीनें चार हलके ठोके मारले. पिन निघाली.

आंस बाहेर ओढला, पन्हळींतले बोल्ट सोडले आणि दोन्ही पाटे शेगड्याशेजारीं येऊन पडले. आतां पानें सुटीं करावयाचीं. त्यांचा बांक निरनिराळा असतो आणि मधला बोल्ट त्यांना बळेंच एकत्र धरून ठेवतो. तो तसाच काढला तर पानें उसळतात. म्हणून पाटा शेगड्यांत आवळून, वर आणखी एक पकड लावून, बोल्ट काढल्यावर शेगडा हळूहळू सैल केला. एकेक पान रॉकेलनें धुऊन, पुसून, खडूनें क्रमांक घालून मांडलें. उजव्या पाट्याचें सर्वांत लांब पान, म्हणजे मुख्य पान, या गाडींत सर्वांत खालीं असतें. तें धुतल्यावर त्याच्या खालच्या अंगावर ठशानें ठोकलेलीं दोन अक्षरें आणि "१९३४" हा आंकडा स्पष्ट दिसूं लागला.

आपल्या घरांत भांड्यांवर नांव घालण्याची चाल आहे. चुलत्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हां आमच्या मातुश्रींच्या हातीं एक पितळी तांब्या आला, त्यावर त्यांच्या सासूबाईंचें नांव आणि लग्नाची तिथि आहे. तो तांब्या आम्ही पाण्यालाही वापरीत नाहीं. त्यामुळें त्या पानावरचीं अक्षरें पाहून आम्हांला फार गहिंवरून आलें. मास्तरांच्या वडिलांनीं आपल्या हातानें घडविलेल्या गाडीवर आपली खूण ठेवली होती.

त्याच सायंकाळीं मास्तर आले. त्यांना जादा पानाचें कारण विचारतांच ते हंसले आणि म्हणाले, "माझे वडील वजनानें भारी होते. चालक बसतो उजव्या बाजूस. गाडी तिकडे झुकूं नये म्हणून त्यांनीं तें पान स्वतः घातलें." पाटे सपाट राखण्याविषयींही ते बोलले. या गाड्यांची एक जुनी खोड आहे. वळणावर गाडी कलली कीं एका बाजूचा पाटा दबतो आणि दुसऱ्या बाजूचा सैल होतो. पाटा अधिक बांकदार असेल तर दबतांना त्याचें टोंक एकीकडे सरकतें आणि सुटतांना दुसरीकडे. त्यामुळें सबंध आंस तिरपा होऊन मागलीं चाकें आपल्याच मतानें गाडी वळवूं लागतात. पाटा भाराखालीं जवळजवळ सपाट ठेवला तर ही खोड पुष्कळ कमी होते. मास्तरांच्या वडिलांना हें सर्व माहीत होतें. ज्याला आम्ही चूक म्हणत होतों तें जाणत्या माणसाचें काम होतें, आणि वहींत "कारण विचारणें" असें लिहिलें नसतें तर दोन्ही पाटे सारखे करून तें काम आम्हीं मोडून टाकलें असतें.

मास्तर गेल्यावर पुतण्यानें पानांची तपासणी सुरू केली. तांबडें पातळ रंगद्रव्य पानावर फवारावयाचें, थोडा वेळ मुरूं द्यावयाचें, स्वच्छ पुसून काढावयाचें आणि वरून पांढरी भुकटी मारावयाची. डोळ्यांस न दिसणारी भेग असेल तर तिच्यांत शिरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. जादा घातलेलें पान निर्दोष निघालें. डाव्या पाट्याचींही सर्व पानें ठीक होतीं. उजव्या मुख्य पानावर मात्र भुकटी वाळतां वाळतां केसासारखी एक तांबडी रेषा उमटली. ती "४" या आंकड्याच्या पायापासून निघून पानाच्या कडेकडे गेली होती.

आम्ही दोघेही बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. अर्थ उघड होता. पाटा सांगाड्यांतून बाहेर निघतो त्या जागेजवळच, म्हणजे ताण सर्वांत अधिक तेथेंच, आणि ज्या अंगावर पोलाद ताणलें जातें त्याच खालच्या अंगावर, तीं अक्षरें ठोकलेलीं होतीं. तार पुन्हां पुन्हां वांकविली तर तुटते हें आपण जाणतों. पोलादही लाखों हेलकाव्यांनीं थकतें, आणि पृष्ठावर जेथें ओरखडा किंवा खांच असेल तेथून तें प्रथम फाटूं लागतें. बापानें प्रेमानें घातलेली खूण हीच त्या भेगेची सुरुवात होती.

पुतण्यानें विचारलें, "काका, तुम्ही काय सांगाल त्यांना?"

आम्हीं आमच्या वयाला शोभेल असा सल्ला दिला. पान तडकलें आहे, बदललें पाहिजे, एवढें सांगावें. अक्षरांमुळें तडकलें हें म्हाताऱ्याला कशाला सांगावयाचें? त्यानें सुख कोणाला होणार? संयुक्त कुटुंबांत वाढलेल्या माणसाला अशा अर्ध्या सत्यांचा सराव असतो, आणि त्यांनीं कित्येक घरें सांभाळलीं आहेत असें आम्ही अजूनही मानतों.

पुतण्या म्हणाला, "नवीन पान आलें कीं ते त्यावर पुन्हां तींच अक्षरें ठोकायला सांगतील, नाहीं तर नातू आपलीं ठोकील. मीं आज सांगितलें नाहीं, तर तेव्हां कोणत्या तोंडानें नको म्हणूं? आणि मीं नको म्हटलें नाहीं, तर त्या पाट्यावर त्यांचा नातू बसणार आहे."

याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. शर्यतीच्या गाडीचा एखादा मागला भाग निसटला तर काय होतें, याचें उदाहरण वर उल्लेखिलेल्या ब्रूस मॅक्लारेन यांचेंच आहे. १९७० सालीं गुडवुड येथें नव्या गाडीची चांचणी घेतांना मागच्या अंगाचा पत्रा सुटला आणि त्या अवघ्या बत्तीस वर्षांच्या माणसाचा अंत झाला.

दुसऱ्या दिवशीं मास्तर नातवासह आले. पुतण्यानें पान त्यांच्यापुढें ठेवलें, रेषा दाखविली आणि ती कोठून निघाली हेंही दाखविलें. मास्तर प्रथम रागावले. हें पान त्यांच्या वडिलांचें आहे, गाडी इतकीं वर्षें याच पानावर उभी होती, तेंच पुन्हां बसवावें, नाहीं तर काम दुसऱ्याला देतां येईल, असें ते स्पष्ट बोलले. पुतण्याचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाहीं. तो एवढेंच म्हणाला कीं काम दुसऱ्याकडे जाणार असेल तर सर्व भाग चिठ्ठ्यांसकट व वहीसकट तो आजच बांधून देईल, परंतु तें पान तो स्वतःच्या हातानें बसविणार नाहीं, आणि दुसऱ्या कोणीं बसवूं नये अशी त्याची विनंती आहे.

मास्तरांनीं वही मागितली. उभ्या उभ्याच ते ती चाळूं लागले. पहिल्या पानावर मोजमापें, मग नकाशे, मग "उजवीकडे एक पान अधिक, कारण विचारणें" ही ओळ, आणि तिच्याखालीं त्यांनींच सांगितलेलें कारण तारखेसह लिहिलेलें होतें. तें त्यांनीं दोनदां वाचलें. मग भेग असलेल्या पानावर अंगठा फिरवीत म्हणाले, "वडिलांना हें कळलें असतें तर त्यांनीं पहिल्यांदा हेंच विचारलें असतें कीं खूण कोठें घालावी."

पुढें तसेंच झालें. पाटे बनविणाऱ्या एका जुन्या कारखान्याकडून त्याच रुंदीचें, त्याच जाडीचें व त्याच बांकाचें मुख्य पान करवून घेतलें. वडिलांनीं घातलेलें जादा पान आपल्या जागीं परत गेलें, कारण नातूही आडव्या बांध्याचा निघाला. जुनें मुख्य पान मास्तरांनीं घरीं नेऊन भिंतीवर लावलें. नव्या पानावर कोणींही कांहींही ठोकलें नाहीं. एक लहान पितळी पट्टी करून तिच्यावर पणजोबांचीं दोन अक्षरें व नातवाचीं दोन अक्षरें घातलीं, आणि ती चालकासमोरील फळीवर बसविली. तेथें कसलाच ताण पडत नाहीं.

आमच्या परतीच्या आदल्या दिवशीं गाडी पुन्हां आपल्या चाकांवर उभी राहिली. पुतण्यानें आम्हांलाच फूटपट्टी दिली. सांगाड्यापासून आंसाची उंची, दोन आंसांमधील डावें-उजवें अंतर, सर्व आम्हीं मोजलें आणि वहींतील पहिल्या दिवसाच्या आंकड्यांशेजारीं लिहिलें. जुन्या पाट्यानें इतक्या वर्षांत जी थोडी मान टाकली होती, तेवढाच फरक पडला.

घरीं आल्यावर वहिनींनीं चहाचा पेला हातीं देतांच विचारलें, "मग, समजावलेंत ना?" आम्हीं त्यांना सबंध हकीगत सांगितली. पिनेची, ज्योतीची, भेगेची, आमच्या सल्ल्याची आणि तो न मानल्याचीही. खणांतल्या राजीनाम्याचें मात्र आधीं सांगावें कीं न सांगावें असा विचार मनांत आला, आणि मग ज्या गोष्टीसाठीं पुतण्याला आम्हीं मनांतून शाबासकी दिली तिच्याच उलट आपण वागतों आहोंत हें ध्यानांत येऊन तेंही सांगून टाकलें. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. शेवटीं त्यांनीं विचारलें, "त्या मास्तरांनीं पैसे दिले का वेळेवर?" आम्हीं म्हटलें, "दिले. आणि बाकीच्या दोघांना त्यांनीं स्वतः चिठ्ठी लिहून दिली."

"मग भाऊजी," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळीं कोणी जाईल त्याच्याबरोबर त्याच्या आजोबांचा तो जुना शेगडा पाठवतां येतो का, तें पाहा. माळ्यावर पडला आहे. वजन फार आहे, पण नांव आहे त्यावर."